अख्ख्या फळाला धुरी

खोली बघायला गेले त्या दिवशी घरमालक अंगणात उकिडवे बसून डाळिंबं भाजत होते. पुढ्यात उभं चिरलेलं लोखंडी पिंप, त्यात बाभळीचा कोळसा, वर जाळी आणि जाळीवर ओळीनं मांडलेली अख्खी डाळिंबं. साली काळपट होत चालल्या होत्या. ते चिमट्यानं एकेक उलटायचे, मग वाकून लांब श्वास घ्यायचे आणि घराच्या दाराकडे बघून मान हलवायचे. दारात त्यांची बायको लसूण सोलत उभी होती. तिनं मान हलवली नाही.

मी नमस्कार केला. त्यांनी वर न बघताच विचारलं, "डाळिंब खाता?"

"खाते."

"मग बसा. खोली वर हाय, कुठं पळून जात न्हाई."

मी बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी एक डाळिंब फोडलं. आतून वाफ आली. दाणे बशीत काढून त्यांनी माझ्यापुढे धरले आणि मी चावत असताना माझ्या तोंडाकडे असं बघत राहिले, की मला चावणं अवघड झालं.

"काय लागतंय?"

"छान लागतंय."

"छान म्हंजी काय? छान तर आमचा जावई बी हाय."

मी पुन्हा थोडे दाणे घेतले. "आंबटपणा कमी झालाय. गरम आहे. आणि शेवटी विझलेल्या लाकडासारखं काहीतरी मागं राहतं."

"शेवटी म्हंजी गिळताना, का गिळल्यावर?"

"गिळल्यावर."

त्यांनी यावर नीट विचार केला. मग चिमटा खाली ठेवला. "खोली तुमची," ते म्हणाले.

खोली मी पाहिली नव्हती. पुढे कित्येक वर्षं मी तिथे राहिले, अजून राहते. मी मूळची सातारची. तासगावच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून आले आणि सोयीची जागा मिळेपर्यंत म्हणून या घराच्या माडीवर थांबले. घरमालकांना सगळी गल्ली चाचा म्हणायची, मीही म्हणू लागले. त्यांच्या बायकोला चाची. माझा जेवणाचा डबा चाचीच करायच्या. चाचा गेल्या रमजाननंतर वारले. त्यांच्याविषयी लिहायला बसते आहे आणि फार हळू लिहून होतं आहे, कारण प्रत्येक वाक्यानंतर ते "म्हंजी काय?" असं विचारतील असं वाटत राहतं.

चाचांचं सगळं आयुष्य बेदाण्याच्या शेडमध्ये गेलं. बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून बंद खोलीत गंधक जाळून त्याची धुरी देतात. ती द्यायचं काम त्यांचं. गंधक पेटवायचा, दार लावायचं, ठरल्या वेळानं दार उघडायचं. दार उघडताना तोंडाला फडकं बांधायची पद्धत आहे. चाचा बांधत नसत. फडकं बांधलं की बेदाणा नीट दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. चाचींनी लग्न झाल्यापासून सांगितलं, की हे काम सोडा, नाकाचं वाटोळं होईल. चाचा म्हणत, माझ्या नाकाला काय होत नाही.

नाक गेलं. हळूहळू गेलं आणि त्याबरोबर तोंडाची चवही गेली. गोड, खारट एवढं जिभेच्या टोकाला जरासं कळायचं, पुढे तेही कळेना. हे त्यांनी चाचींना सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही नाइलाजानं.

झालं असं, की एकदा सकाळी मी कॉलेजला निघाले आणि जिन्यातच गॅसचा वास आला. खाली धावले. चाची बाजारात गेल्या होत्या. स्वयंपाकघरात गॅसची नळी निसटून फुसफुसत होती आणि तिच्या शेजारी चाचा पाटावर बसून पेपर वाचत होते. चहा करावा म्हणून दुसऱ्या हातात काड्यापेटी घेतलेली. मी ती हिसकावून अंगणात फेकली, सिलिंडर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या. चाचा माझ्याकडे बघत होते.

"एवढा वास येतोय आणि तुम्हाला कळलं नाही?"

"कशाचा?"

मग त्यांनाच कळलं आपण काय बोललो ते. त्यांनी पेपराची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"चाचीला सांगू नका, मॅडम."

"का? जीव गेला असता की!"

"जीव गेला आस्ता तर सांगायचा प्रश्नच नव्हता." पेपर बाजूला ठेवून ते म्हणाले, "तिला दुसरं काय हाय सांगा. पोरगी आष्ट्याला दिली. चार गावच्या लग्नात हिच्या बिर्याणीचं नाव घेत्यात. रोज ताट वाढती, समोर बसती आन इचारती, 'कैसा हुआ जी?' आता मी सांगू, की तू वाढतीस त्ये मला ओल्या पुठ्ठ्यागत लागतंय? किती वर्सं झाली म्हनून सांगू?"

त्या दिवसापासून मी त्यांच्या कटात सामील झाले. चाची माझा डबा आधी भरून वर पाठवत आणि मग खाली ताटं घेत. एवढ्या वेळात चाचा पाण्याची मोटार बघायच्या निमित्तानं जिना चढून येत. मोटार खाली होती, पण हे कुणी कधी विचारलं नाही.

"आज कसं हाय?" ते दारातून हळू विचारत.

"आमटीत आमसूल थोडं पुढं आहे. वांगं चांगलं मुरलंय."

"मीठ?"

"बरोबर."

ते खाली जात आणि जेवताना त्यांचा आवाज मला वरपर्यंत ऐकू येई. "आमसुलाचा हात जरा सैल झाला काय गं? पर वांगं असं मुरलंय, की नाव घ्यावं!" चाचींचं उत्तर ऐकू येत नसे. भांड्यांचा आवाज मात्र मोठा होई.

फळांचं वेड यातूनच आलं. शेडचं काम सुटल्यावर एकदा कुणाच्या तरी मळ्यात शेकोटीत पेरू पडला. चाचांनी तो राखेतून काढून सहज खाल्ला आणि त्यांना घशाच्या मागच्या बाजूला काहीतरी जाणवलं. चव नव्हे. "बंद घराच्या मागल्या दारावर कुणीतरी नुसता हात ठिवल्यागत," असं ते सांगत. तो धूर होता. धूर त्यांच्यापर्यंत पोचत होता. आता धूर जर आत येतोय, तर त्याच्या मागोमाग फळही कधीतरी आत येईल, असा त्यांनी हिशेब मांडला. मरायच्या आत एक फळ, कुठलंही, पुन्हा लागावं. एवढीच मागणी होती. त्यासाठी त्यांनी पिंप चिरून भट्टी केली. सांगलीहून आलेल्या एका पोरानं तिला बार्बेक्यू म्हटलं, तर चाचा म्हणाले, "आसंल. आमच्यात भट्टी म्हनत्यात."

नियम ठरलेले. फळ अख्खंच ठेवायचं, चिरायचं नाही, टोचायचं नाही. "कापलं की आतलं पळून जातंय." कोळसा बाभळीचा. तो लाल होऊन वर राख धरली, की त्यावर द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या टाकायच्या. या काड्या ते बागांतून गोळा करून आणत. बागेवर औषधं मारलेली असतात म्हणून आधी धूत, मग वाळवत, मग धूर निघावा म्हणून परत भिजवत. काड्या तीनदा ओल्या-कोरड्या करणारा हा माणूस स्वतःचा सदरा मात्र चाचींनी ओढून घेतल्याशिवाय धुवायला देत नसे.

त्यांनी सीताफळ केलं, ते मऊ होऊन जाळीतून खाली गळालं. चिकू, पेरू, पपई, सालासकट केळी. अननस चांगला झाला, पण तो चांगला झाला हे मी सांगितलं म्हणून. द्राक्षाचा अख्खा घड ठेवला, तेव्हा गल्लीतले लोक बघायला आले, कारण तासगावात द्राक्ष विस्तवावर ठेवलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मणी सुकून तडकले. "ह्याला बेदाणाच म्हनायचा, जरा घाईतला," चाचा म्हणाले. प्रत्येक फळ ते आधी स्वतः खात, डोळे मिटून बसत. मग डोळे उघडून बशी माझ्याकडे सरकवत.

"काय लागतंय?"

मला शब्द शोधावे लागत. एकदा मी पपईबद्दल म्हणाले, की जुन्या पुस्तकांच्या कपाटासारखी लागते.

"पुस्तक खाल्लंय व्हय कधी?"

"नाही."

"मग खाल्लंय त्यातलं सांगा की."

ग्रंथालयात बसून मी इतकी वर्षं जे वाचलं, त्यात फळ कसं लागतं हे कुणी नीट लिहिलेलं मला सापडलं नाही. चाचांना मी सांगत गेले तेवढंच.

आष्ट्याचे व्याही एकदा उन्हाळ्यात पहिल्यांदा घरी यायचे होते. चाचींनी आदल्या दिवसापासून बिर्याणीची तयारी केली. चाचांनी सकाळपासून एक मोठं कलिंगड भट्टीवर चढवलं. दुपारी व्याही आले तेव्हा अंगणात ते काळं ठिक्कर कलिंगड धुमसत होतं. व्याही गंभीर माणूस. आष्ट्यात त्यांचं सिमेंट-पत्र्याचं दुकान. ते बराच वेळ बघत उभे राहिले.

"कलिंगड शिजवत्यात व्हय तासगावात?"

"शिजवत न्हाई. धुरी देतोय."

"धुरी बेदाण्याला देत्यात."

"त्यानंच काय पुण्य केलंय?"

व्याह्यांनी बरोबर आलेल्या आपल्या मुलाकडे, चाचांच्या जावयाकडे पाहिलं. जावयानं चपलांकडे पाहिलं. तेवढ्यात कलिंगडाला बुडाशी चीर गेली, गरम रस भसकन कोळशावर सांडला आणि राखेचा एक लोट व्याह्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर, चेहऱ्यावर बसला. चाची दारातून म्हणाल्या, "या अल्ला." चाचा म्हणाले, "आतनं शिजलंय वाटतं." मग त्यांनी उरलेलं कलिंगड चिरून सगळ्यांना वाढलं. व्याह्यांनी एक फोड संपवली. सभ्य माणूस होता. "मटणागत दिसतंय," एवढंच म्हणाले. नंतर बिर्याणी वाढली तेव्हा चाचांनी तिची अशी तारीफ केली, दाणा कसा सुटा, केशर कसं मागून येतं, पुदिना कसा मधेच डोकावतो, की व्याह्यांचा राख बसलेला चेहरा निवळला. केशराचं आणि पुदिन्याचं मी सकाळी जिन्यात सांगितलं होतं.

खरी पंचाईत रमजानात होई. चाचांची एक समजूत होती, की दिवसभराच्या उपासानं नाक धुऊन निघतं. त्यामुळे वर्षभरात नाक उघडायची शक्यता असलीच तर ती रोजा सोडायच्या वेळेला. म्हणून रमजानात भट्टी रोज दुपारी पेटायची. अजान झाली, की चाचा खजूर तोंडात टाकत, पाणी पीत आणि लगेच धुराचं फळ घेऊन डोळे मिटत. चाची, मी, कधी आलेली लेक, आम्ही भजी घेऊन थांबायचो. डोळे उघडले, की ते चाचींना म्हणत, "भजी दे. झकास वास सुटलाय." फळ आजही लागलं नाही, हे तेवढ्यावरून मला कळायचं.

एका वर्षी चाचींना शंका आली, की रोजा असताना धुराजवळ बसलं तर चालतं का. त्यांनी मशिदीतल्या मौलानांना घरी बोलावलं. मौलाना तरुण होते, म्हसवडकडचे, मराठी आमच्यासारखीच बोलायचे. चाची पडद्यामागं उभ्या राहिल्या. मी भाडेकरू म्हणून कोपऱ्यात.

"वास आपोआप आला तर काय हरकत न्हाई," मौलाना म्हणाले. "पर मुद्दाम वाकून धूर आत वडला, तर रोजा गेला."

"वाकून वडत्यात," पडद्यामागून आवाज आला. "रोज बघते मी. वाकत्यात, वडत्यात आन माज्याकडं बघून मान हलवत्यात."

"खरं का चाचा? वास घ्यायला वाकता?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. ते वाकत होते हे खरं. वास घ्यायला नव्हे, वास घेतलेला चाचींना दिसावा म्हणून. 'नाही' म्हणावं तर मग वाकता कशाला, हा प्रश्न येणार आणि तो पडद्याच्या अलीकडे-पलीकडे दोन्हीकडून येणार.

"व्हय," चाचा म्हणाले. "वास लय ग्वाड येतो."

"मग तेवढे रोजे पुन्हा धरा."

ईदनंतर सगळं गाव सरबत पीत असताना चाचा ते रोजे एकेक करून धरत होते. ऊन असं, की रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं. मी म्हणाले, "मौलानांना बाजूला घेऊन खरं सांगायचं होतं."

"काय सांगू? नाटक करत हुतो म्हनून? नाटकानं रोजा जातो का, ते कुठं लिव्हलंय तुमच्या पुस्तकात?" ओठ कोरडे पडले होते. "आन धूर गेलाच की आत. वास न्हाई आला, ही धुराची चूक न्हाई."

पुढच्या रमजानापासून ते अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला खाट टाकून, तोंडाला फडकं बांधून, लांबलचक बांबूनं फळं उलटायला लागले. शेडमध्ये जन्मभर न बांधलेलं फडकं. चाची दारातून बघून म्हणाल्या, "आता बांधलं."

शेवटच्या वर्षी छातीनं त्रास दिला. सांगलीच्या डॉक्टरांनी धुराजवळ जायचंच नाही असं सांगितलं. रोजेही धरू नका म्हणाले. चाचींनी भट्टी उचलून जिन्याखाली घातली आणि वर पोती टाकली. चाचा खिडकीपाशी बसून राहत. मोटार बघायलाही वर येणं होईना, तेव्हा डबा घेऊन मीच खाली जाऊ लागले आणि चाचींची पाठ वळली, की बोटांनी मिठाची खूण करू लागले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते गेले.

चाळीसाव्या दिवसाच्या विधीच्या आधी घरात बोलणं निघालं. त्या दिवशी फातिहाच्या, म्हणजे मृतासाठीच्या प्रार्थनेच्या वेळी, वारलेल्या माणसाच्या आवडीचं खाणं पुढ्यात ठेवतात. आवडीचं काय, यात कुणाला शंका नव्हती. "बिर्याणीच," सासऱ्यांना मामू म्हणणारा जावई म्हणाला. "मामूंनी बिर्याणीची केली तेवढी तारीफ मी जन्मात कुणाच्या तोंडून ऐकली न्हाई." लेकीनंही मान डोलावली. सगळे उठून गेल्यावर चाचींनी मला थांबवलं.

"मॅडम, त्यांला वास येत नव्हता. तुमाला म्हाईत हुतं नव्हं?"

मी होकाराची मान हलवली.

"एकदा मी मुद्दाम तुमच्या डब्यात मीठ घातलं आन आमच्या पातेल्यात घातलंच न्हाई. वर जाऊन आले आन म्हनाले, मीठ अगदी बेताचं. तसंच समदं खाल्लं. मी बी खाल्लं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? बायका रांधत्यात, माणसं खाऊन उठत्यात. माझा माणूस रोज जिना चढून जात हुता, मला काय म्हनायचं ते इचारायला. छातीत दम नसताना जात हुता. कुनाचा जातोय?" त्यांनी पदर सारखा केला. "एकच सांगा. कवा तरी लागलं का त्यांला? त्यांचं ते फळ?"

तेव्हा मी सांगितलं. शेवटच्या रमजानात चाची एका दुपारी लेकीकडे आष्ट्याला गेल्या होत्या. चाचांनी मला हाक मारून जिन्याखालच्या पोत्यांकडे बोट केलं. भट्टी मी पेटवली. त्यांना आत बसवून खिडकीची काच लावून घेतली आणि ते आतून हातानं खुणा करत राहिले, काड्या टाका, उलटा, थांबा. चिकू होते. काळे होऊन साल सुटली तेव्हा बशीत घालून आत नेले. त्यांनी एक खाल्ला, डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच होते.

"चिकू हाय ह्यो," ते म्हणाले.

"हो, चिकूच आहे."

"न्हाई मॅडम. चिकू हाय."

चाचींना मी हे सगळं सांगितलं. मग मनात होतं तेही बोलले. "पण ते खरं होतं का, मला माहीत नाही. इतकी वर्षं मी त्यांच्याबरोबर खटपट केली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. तुम्हाला म्हणायचे तसं."

चाचींनी मला साक्षीदाराला विचारावं तसं विचारायला सुरुवात केली.

"आजून काय म्हनाले? गोड हाय, रवाळ हाय, धूर कसा मागनं येतोय, आसं?"

"काही नाही. एवढंच."

"मला सांगताना कोथिंबिरीपत्तुर समदं सांगायचे. मग? खाल्ला आन बशी ठिवली?"

"नाही. अजून एक मागितला."

चाची पुढं सरकल्या. "त्यांनी मागितला? का तुमी दिला?"

"त्यांनी मागितला. मग तिसराही."

चाची खिडकीकडे बघत राहिल्या. "नाक गेल्यापासनं," त्या सावकाश म्हणाल्या, "ह्या घरात त्यांनी कवा दुसऱ्यांदा वाढून घेतलं न्हाई. तारीफ करायची, ताट पुसून खायचं आन उठायचं. जेला काय लागत न्हाई, त्यो दुसऱ्यांदा कशाला मागंल?" थोड्या वेळानं त्यांनी नाक ओढलं. "लागला त्यांला."

आणि त्या उठून जिन्याखालची पोती बाजूला करायला लागल्या.

चाळीसाव्याला आष्ट्याचे व्याही आले. बैठकीत पांढऱ्या चादरीवर लोबानाच्या धुरात बिर्याणीचं मोठं ताट होतं आणि त्याच्या पुढं, मधोमध, एका बशीत काळे पडलेले, साल सुटलेले अख्खे चिकू. ते चाचींनी स्वतः भट्टीवर ठेवले होते. दोन जळले होते, तेही काढले नव्हते. फातिहा झाल्यावर व्याही बशीजवळ वाकले.

"ह्ये काय?"

"त्यांच्या आवडीचं," पडद्यामागून चाची म्हणाल्या.

"आन बिर्याणी?"

"ती तुमच्यासाठी. बसा जेवायला."